खैरनार बाईंची रेघ

१९९४ साल. मी शेहेचाळीस वर्षांचा होतो आणि नाशकात सातपूरच्या आमच्या कंपनीत दफ्तरखोलीचा मालक होतो. पगारपत्रकावर शिपाई लिहिलेलं असायचं, ते सोडा. त्या खोलीत कोणता कागद कुठं आहे हे फक्त मला ठाऊक होतं. साहेब लोकसुद्धा दारात उभे राहून विचारायचे, आत यायचे नाहीत. मी चौथी पास. पाचवीत मास्तरानं सगळ्यांसमोर कान पिळला, दुसऱ्या दिवसापासून मी मळ्यात. त्यामुळं वाचायला वेळ लागायचा, पण मला वाचायची गरजच नव्हती. लाल फडक्यात बांधलं ते मालाच्या पावत्या, हिरव्यात बांधलं ते परदेशचं, पिवळ्यात कामगारांचं. गाठ डावीकडं असली तर जुनं, उजवीकडं असली तर नवं. अशी बारा-तेरा वर्षं काढली होती.

अशा खोलीत नोंदी ठेवायला एक बाई येऊन बसणार, असं बर्वे साहेबांनी सांगितलं. बर्वे साहेब म्हणजे आमचे हिशोब खात्याचे मॅनेजर, पुण्याचे. मी म्हटलं, ‘‘बाईमाणसाला धुळीनं त्रास होईल.’’ ते म्हणाले, ‘‘काठे, तुला त्रास होणार आहे, तो सांग.’’

दुसऱ्या दिवशी शकुंतला खैरनार आल्या. चाळिशीच्या, सडपातळ, रंगानं सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा. हातात डबा आणि एक स्टीलची फूटपट्टी. सटाण्याकडच्या. बोलायच्या अगदी शहरातलं, पण वैतागल्या की अहिराणी बाहेर यायची. सगळी कंपनी त्यांना मॅडम म्हणायची, मी बाई म्हणायचो. मुद्दामच म्हणायचो. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. मला मात्र त्या पहिल्या दिवसापासून निवृत्तीभाऊ म्हणाल्या. कंपनीत मला काठेच्या पुढं कोणी काही म्हणत नव्हतं.

पहिलं भांडण आठवड्यात झालं. एका गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवर माझ्या हातून आकडा चुकला. मी ब्लेडनं खरवडला आणि वर नवा काढला. छान काढला होता. बाईंनी ती चिठ्ठी उजेडात धरली.

‘‘इथं आधी काय होतं?’’

‘‘चुकलं होतं.’’

‘‘ते दिसतंय. पण काय चुकलं होतं?’’

‘‘चुकलेलं ठेवून काय लोणचं घालायचंय?’’

त्यांनी फूटपट्टी घेतली, नवी चिठ्ठी घेतली. आधी माझा चुकीचा आकडा लिहिला, त्यावर एकच सरळ रेघ मारली, शेजारी बरोबर आकडा लिहिला, तारीख घातली, बारीक सही केली. ‘‘खोडायचं नाही, निवृत्तीभाऊ. रेघ मारायची. खाली वाचता आलं पाहिजे. माणूस चुकला, मग सुधारला, दोन्ही कळलं पाहिजे. नुसतं सुधारलेलं दिसलं तर तो चुकलाच नव्हता असं होईल.’’

मी म्हटलं, ‘‘तसं झालेलं चांगलंच की.’’

‘‘जे शे ते शे,’’ त्या म्हणाल्या. जे आहे ते आहे. हे त्यांचं पालुपद. हिशोब खात्यातली पोरं पाठीमागं याची नक्कल करायची. डबा उघडला की एकजण विचारायचा, ‘‘भाजी काय?’’ आणि दुसरा म्हणायचा, ‘‘जे शे ते शे.’’ बाईंच्या कानावर जायचं. त्यांचा चेहरा हलायचा नाही.

त्यांच्या टेबलावर व्हाइटनरची बाटली कधी दिसली नाही. कोणी त्या पांढऱ्या रंगानं पुसलेला कागद आणला की त्या तो दोन बोटांत धरून परत द्यायच्या, मेलेली पाल धरावी तसा. जेवायला त्या एकट्याच बसायच्या, खिडकीकडं तोंड करून. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी वांग्याचं भरीत. मी दाराशी स्टुलावर बसायचो. अकरा वर्षं आम्ही एका खोलीत जेवलो आणि एकमेकांच्या डब्यातलं कधी खाल्लं नाही. त्यांनी एकदा भरीत पुढं केलं होतं. मी म्हटलं, ‘‘माझं पोट भरलंय.’’ भरलेलं नव्हतं. पण पहिल्याच झटक्यात हो म्हणायची माझी रीत नाही, आणि दुसऱ्यांदा विचारायची त्यांची रीत नव्हती.

त्या सिडकोत राहायच्या, आईबरोबर. लग्न झालेलं नव्हतं. का, ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. नव्याण्णव साली आई गेली. चौथ्या दिवशी बाई कामावर हजर. पुढं एकदा त्या तापानं घरी होत्या आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडं राहिली होती, म्हणून मी सायकलवर गेलो. दोन खोल्या, झाडलेल्या, इतक्या आवरलेल्या की बसावं कुठं कळेना. भिंतीवर त्याच वर्षाचं कॅलेंडर. आईच्या गोळ्यांच्या वेळा प्रत्येक तारखेला लिहिलेल्या, पार डिसेंबरपर्यंत. आई गेली त्या तारखेपासून पुढच्या प्रत्येक चौकोनात एक एक रेघ. गोळ्यांची नावं खाली दिसत होती.

मी बघतोय हे त्यांनी बघितलं. टेबलावरचं रेशनकार्ड उचलून मला दाखवलं. ‘‘हे बघा. रेशनिंगवाल्यांना सगळे शिव्या देतात, पण नाव कमी करताना त्यानं बरोबर केलं. रेघ मारली. वाचता येतं.’’

कार्डावर आता एकच नाव मोकळं होतं. मी किल्ली घेतली आणि निघालो. पाणीसुद्धा प्यालो नाही. त्यांनी भांडं भरून ठेवलं होतं, ते नंतर आठवलं.

मग कंपनी जर्मन लोकांनी घेतली. आमचा माल तिकडं जायचाच, आता मालकही तिकडचे झाले. २००२ साली तिकडून एक जाड फाइल आली. त्यांच्या देशात नवा नियम झाला होता. तिकडच्या मूळ कंपनीशी संबंध असलेला प्रत्येक व्यवहार, प्रत्येक पावती, त्या नियमानं सांभाळायची. बर्वे साहेबांनी फाइल बाईंच्या टेबलावर टाकली. ‘‘खैरनार, हे तुमच्या आवडीचं जेवण आहे.’’

चार दिवस बाई ती फाइल डिक्शनरी घेऊन वाचत होत्या. पाचव्या दिवशी मला बोलावलं. ‘‘बसा, निवृत्तीभाऊ. तुम्हाला हे कळलंच पाहिजे, खोली तुमची आहे.’’ हे वाक्य मी विसरलो नाही.

‘‘ते म्हणतात, दहा वर्षं ठेवायचं. जे कॉम्प्युटरात जन्मलं ते कॉम्प्युटरातच ठेवायचं. कागदावर छापून गठ्ठा बांधला, झालं, असं चालणार नाही. दहा वर्षांनी त्यांचा माणूस आला तर त्याला ते मशीनात उघडून, चाळून, तपासता आलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे,’’ इथं त्यांनी बोट ठेवलं, ‘‘एकदा लिहिलेलं असं बदलायचं नाही की आधी काय होतं ते कळणार नाही. बदललं तर कोणी, कधी, काय, सगळं दिसलं पाहिजे.’’

मी म्हटलं, ‘‘हे तर तुम्ही आठ वर्षं माझ्या मागं लावलंय. त्यात त्या लोकांनी नवं काय सांगितलं?’’

बाई हसल्या. आवाज करून. मी पहिल्यांदा ऐकलं. ‘‘तेच तर. इतक्या लांब, कुठल्या तरी हापिसात, माझ्यासारखं डोकं असलेलं कोणी तरी बसलंय.’’

त्या दिवसापासून बाई बदलल्या. दर महिन्याचा हिशोब कॉम्प्युटरातून सीडीवर उतरवायचा, तिच्यावर आपल्या मोत्यासारख्या अक्षरात नाव-तारीख लिहायची, लोखंडी कपाटात उभी लावायची. दुसरी एक प्रत कंपनीच्या अंबडच्या गोदामात. बर्वे साहेब म्हणाले होते दुसरी कशाला, पण त्या हटल्या नाहीत. दर तीन महिन्यांनी प्रत्येक सीडी मशीनात घालून उघडते का बघायचं आणि तसं एका जाड रजिस्टरात लिहायचं. कपाटाची एक किल्ली त्यांच्याकडं, एक माझ्याकडं.

आणि ठरलं असं, की नियम नीट चाललाय असं दिसलं तर २००४ च्या जानेवारीत बाईंना तीन आठवडे जर्मनीला पाठवायचं, तिकडच्या दफ्तरात शिकायला. मुंबईच्या पलीकडं न गेलेली बाई. त्यांनी कॅसेट आणल्या, जर्मन शिकू लागल्या. सकाळी दारातून आत आल्या की म्हणायच्या, ‘‘गुटेन मॉर्गेन, निवृत्तीभाऊ.’’ मी म्हणायचो, ‘‘राम राम.’’ ‘‘अहो, तुम्ही पण म्हणा, माझा सराव होईल.’’ मी म्हणायचो, ‘‘मला जायचंय का तिकडं?’’ वर्षभर रोज हे. थंडीत स्वेटरवाले तिबेटी आले त्यांच्याकडून त्यांनी एक लांब कोट घेतला, राखी रंगाचा, गुडघ्याखाली जाणारा, गळ्यापर्यंत बटणं. तो मला दाखवायला कंपनीत घेऊन आल्या. दुसरं कोण होतं दाखवायला? मी म्हटलं, ‘‘नाशकात हा घालून फिराल तर कुत्री मागं लागतील.’’ त्या म्हणाल्या, ‘‘तिकडची कुत्री ओळखतील.’’

आता माझं सांगतो.

खंडेनवमीला सातपुरात प्रत्येक कारखान्यात यंत्राची पूजा असते. यंत्रं धुतात, पुसतात, झेंडूच्या माळा घालतात. झेंडू आमच्या मखमलाबादच्या मळ्यातला, माझा भाऊ टोपली भरून द्यायचा. यंत्रांवरचे कामगार त्यांच्या मशीनची करायचे, मी माझ्या दफ्तराची. कुंकू गोडेतेलात कालवायचं, म्हणजे उडून जात नाही, आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या फडक्याला पाच बोटं ओढायची, वर अक्षता. वीस वर्षं यात खंड नव्हता.

२००३ ची खंडेनवमी. बाई रजा घेऊन सटाण्याला भावाकडं गेल्या होत्या. मी गठ्ठे उरकले आणि लोखंडी कपाटापुढं उभा राहिलो. आता खरं दफ्तर यात होतं, हे बाईंनीच मला समजावलेलं. मग पूजा नुसत्या दाराची करायची? मी कपाट उघडलं. एक एक सीडी पाकिटातून काढली. एका बाजूला बाईंचं अक्षर होतं. त्यावर कुंकू लावून ते अक्षर घाण करणं मला पटेना. दुसरी बाजू कोरी, आरशासारखी. तिकडं बोटं ओढली. प्रत्येक पाकिटात दोन दोन अक्षता टाकल्या आणि परत लावून ठेवल्या. कपाटाला माळ घातली. फार समाधान वाटलं.

दिवाळीनंतर जर्मन साहेब तपासायला येणार होते. त्याच्या आठवडाभर आधी बाईंनी तिमाहीची तपासणी काढली. पहिली सीडी हातात घेतली आणि तशाच उभ्या राहिल्या.

‘‘निवृत्तीभाऊ, याला कुंकू कोणी लावलं?’’

कपाटाच्या किल्ल्या दोघांकडं. एक माणूस सटाण्यात. विचारायची गरज नव्हती. पण त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘मला काय माहीत.’’

का म्हटलं असं? मी चोरी केली नव्हती, पूजा केली होती. पण त्यांचा चेहरा बघून कळलं की मी काही तरी अडाण्यासारखं केलंय, आणि मला कोणी अडाणी म्हटलेलं मला सोसत नाही. त्यांनी तर म्हटलंही नव्हतं.

बाईंनी आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घरून आणला. दोन दिवस एक एक सीडी मधून काठाकडं, मधून काठाकडं पुसली. तेल निघालं, पण महिनाभर आत हललेल्या अक्षतांनी ओरखडे पडले होते. बावीसपैकी पाच उघडल्याच नाहीत.

बर्वे साहेब आले. मी दाराशी स्टुलावरच होतो. ते म्हणाले, ‘‘घाबरताय काय? अंबडला प्रत आहे ना? तिच्यावरून पाच नव्या बनवा. कॉम्प्युटरचं घड्याळ मागं घ्या, म्हणजे सीडीवर जुनी तारीख पडेल. जुनंच नाव लिहा. विषय संपला.’’

‘‘नव्या बनवते, साहेब. तारीख आजची पडेल.’’

‘‘मग तो विचारेल ना, की या पाच आजच्या का?’’

‘‘विचारू दे. रजिस्टरात लिहून ठेवते काय झालं ते.’’

‘‘काय लिहिणार? शिपायानं सीडीची पूजा केली? मॅडम, हसतील ते आपल्याला. आणि तुमचं जर्मनीचं तिकीट त्याच माणसाच्या सहीवर आहे, विसरू नका.’’

बाई दाराजवळच्या खुंटीकडं बघत होत्या, कोट दाखवायला आणला तेव्हा तो तिथं टांगला होता. मग म्हणाल्या, ‘‘साहेब, ज्या नियमासाठी जायचं, तो मोडून कसं जायचं?’’

त्यांनी रजिस्टर उघडलं. इंग्रजीत लिहिलं, खाली मराठीत लिहिलं, मला वाचता यावं म्हणून. खंडेनवमीच्या पूजेत सीड्यांना कुंकू लावलं गेलं, पाच निकामी, दुसऱ्या प्रतीवरून आज नव्या केल्या, जुन्या पाच तशाच जपून ठेवल्या आहेत. खाली ‘हे ज्याच्या हातून झालं त्याचं नाव’ असं लिहिलं आणि पुढं जागा सोडली. रजिस्टर माझ्याकडं फिरवलं, पेन वर ठेवलं.

‘‘तुम्ही लिहा. मी लिहिणार नाही.’’

मी म्हटलं, ‘‘चष्मा आणला नाही.’’

चष्मा माझ्या खिशात होता. त्याची दांडी वर दिसत होती. बाईंनी ती बघितली, रजिस्टर मिटलं आणि कामाला लागल्या.

जर्मन साहेब आले. उंच, म्हातारे, हळू बोलणारे. ते पान त्यांनी खूप वेळ वाचलं. मोकळ्या जागेवर बोट ठेवून काही विचारलं. बाई त्यांच्या भाषेत काही तरी अडखळत बोलल्या. मला नंतर कळलं, त्या म्हणाल्या होत्या, ते लिहिणार आहेत, अजून लिहिलं नाही. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी पाण्याचे ग्लास गोळा केले आणि बाहेर गेलो.

जाताना त्यांनी बाईंशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं. पण अहवाल अहवालाच्या जागी. नाशिकला दफ्तर नीट राखलं नाही, जबाबदार व्यक्तीचं नाव नोंदलेलं नाही, असं त्यात आलं. जानेवारीत बाईंच्या जागी बर्वे साहेब जर्मनीला गेले.

ज्या सकाळी हे कळलं त्या सकाळी बाई आत आल्या. मी वाट बघत होतो. त्या म्हणाल्या, ‘‘राम राम, निवृत्तीभाऊ.’’ माझे शब्द त्यांनी घेतले.

पुढं दोन वर्षं. कॅसेट पुन्हा दिसल्या नाहीत. दर तीन महिन्यांनी तपासणी, दर तीन महिन्यांनी ते रजिस्टर. त्या पानाशी आल्या की एका बोटानं ते उलटायच्या. कधी थांबल्या नाहीत, कधी माझ्याकडं बघितलं नाही, टोमणा नाही, काही नाही. मी वाट बघायचो त्यांनी एकदा विचारावं. विचारलं असतं तर मी भांडलो असतो, आणि भांडता भांडता लिहिलंही असतं. पण दुसऱ्यांदा विचारायची त्यांची रीत नव्हती.

२००५ च्या डिसेंबरात सगळं काम पुण्याच्या मोठ्या मशीनवर गेलं. सीड्यांचं कपाट नुसतं सांभाळायचं राहिलं. बाईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. शाल झाली, नारळ झाला. बर्वे साहेब बोलले, बाई बोलल्या नाहीत. मग खोलीत आल्या, फूटपट्टी पिशवीत टाकली, किल्ली माझ्या हातावर ठेवली. ‘‘२००३ चं रजिस्टर २०१३ संपेपर्यंत ठेवायचं. तुम्ही त्याआधी रिटायर व्हाल. जो येईल त्याला नीट सांगा.’’ दारापर्यंत गेल्या, वळल्या. ‘‘खोली चांगली ठेवलीत, निवृत्तीभाऊ.’’

मी किल्ली खिशात टाकली, वर बघितलं. त्या गेल्या होत्या.

सुटीचा भोंगा झाल्यावर सायकल घेऊन गेटाबाहेर आलो, तर समोर त्र्यंबक रोडच्या बसथांब्यावर त्या उभ्या. एकट्या. थंडी होती, पण इतकी नव्हती. अंगात तो राखी कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. एका हातात नारळ, पिशवीतून फूटपट्टीचं टोक बाहेर. शिफ्ट सुटलेली पोरं बघून हसत होती. बाई सरळ बस येते तिकडं बघत होत्या, जणू ती खूप लांबून यायची होती. मधे एक रस्ता होता. मी सायकल धरून या बाजूला उभा राहिलो. बस आली. गेली तेव्हा थांबा रिकामा होता. पुढं त्या सटाण्याला भावाकडं गेल्या असं ऐकलं. परत दिसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या भोंग्याच्या आधी मी कंपनीत गेलो. कपाट उघडलं, रजिस्टर काढलं, चष्मा घातला. ते पान मला शोधावं लागलं नाही. मोकळ्या जागेत लिहिलं, निवृत्ती रामचंद्र काठे. पुढं तारीख घालायला गेलो तर हात आपोआप त्या खंडेनवमीचीच तारीख लिहून गेला. फूटपट्टी नव्हती. पुठ्ठ्याची कड लावली, चुकलेल्या तारखेवर एक सरळ रेघ मारली, आणि शेजारी आजची लिहिली. उजेडात धरून बघितलं. खाली वाचता येत होतं.